सुटलेल्या बाणाला कोण ढकलते?

धनुष्याच्या दोरीपासून बाण सुटतो. दोरी मागे राहते, धनुर्धराचा हात मागे राहतो, आणि बाण मात्र पुढे जात राहतो. त्याला आता कोण ढकलते आहे? हा प्रश्न पोरकट वाटेल. पण माणसाने या एका प्रश्नावर सुमारे दोन हजार वर्षे डोके शिणवले आहे. ग्रीक, ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान, यहुदी असे सर्व प्रकारचे लोक या चर्चेत होते. आमच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गतीचे तीन नियम येतात, त्यांच्यावर न्यूटनचे नाव येते आणि मुले ते पाठ करून मोकळी होतात. अगोदरच्या दोन हजार वर्षांना पुस्तकात जागा नाही. शालेय पुस्तकाला पानांची मर्यादा असते, हे मी शिक्षिका म्हणून जाणते. पण रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही, ती कोणीतरी भरतेच.

गेल्या काही वर्षांत ती मोबाइलवरील निरोपांनी भरली आहे. पहिला नियम इब्न सीनाने दिला, दुसरा बगदादच्या अबुल बरकातने, तिसराही आमच्याच कुणा बुजुर्गाने, आणि न्यूटनने तो चोरला, असे हे निरोप सांगतात. गंमत अशी की शेजारच्या वस्तीत अगदी असाच दुसरा निरोप फिरत असतो. त्यात तिन्ही नियम कणाद ऋषींच्या नावावर असतात. चोर दोन्हीकडे एकच! मुले हे निरोप वर्गात घेऊन येतात आणि विचारतात, "टीचर, हे खरे आहे का?" 'खोटे आहे' असे म्हणून त्यांना गप्प बसवणे सोपे आहे, पण ते उत्तर अर्धे आहे. 'खरे आहे' असे म्हणणे त्याहून सोपे आणि त्याहून वाईट. म्हणून ही तवारीख जशी आहे तशी वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

सुरुवात अ‍ॅरिस्टॉटलपासून करावी लागते. आपल्याकडे त्याला अरस्तू म्हणतात. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील या माणसाचे म्हणणे असे, की दगड खाली येतो ही त्याची स्वाभाविक गती, कारण खाली हे त्याचे घर आहे. पण दगड आडवा फेकला तर ती जबरदस्तीची गती, आणि जबरदस्ती चालू राहायची तर जबरदस्ती करणारा सतत बरोबर हवा. बैल थांबला की गाडी थांबते. इतके साधे. मग बाणाचे काय? अरस्तूने उत्तर दिले की हवा. दोरी बाणाबरोबर हवेलाही धक्का देते आणि ती हवा बाणाला पुढे नेत राहते. याच विचारातून त्याने पोकळीही अशक्य ठरवली. अडथळा करणारे काहीच नसेल तर वेगाला मर्यादा राहणार नाही, आणि हे त्याला मूर्खपणाचे वाटले.

अरस्तूला हसू नये. त्याचे म्हणणे रोजच्या अनुभवाला धरून आहे. हातगाडी ढकलणाऱ्याने हात काढला की गाडी थांबते, हे आपण सगळेच पाहतो. ती जमिनीच्या घर्षणामुळे थांबते, हे डोळ्यांना दिसत नाही.

हवेच्या उत्तरावर पहिला मोठा घाव घातला तो अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने. हा सहाव्या शतकातील ख्रिस्ती विद्वान अरबी ग्रंथांत याह्या अन-नहवी या नावाने येतो. त्याचा सवाल असा होता: हवाच ढकलत असेल तर दोरीला बाण लावायचा कशाला? बाणामागे जोराने हवा हलवली तरी तो सुटला पाहिजे! त्याने सांगितले की फेकणारा फेकलेल्या वस्तूतच एक जोर घालतो, तो जोर तिला नेतो आणि हळूहळू खर्च होतो. वजनात बराच फरक असलेल्या दोन वस्तू एका उंचीवरून सोडल्या तर पडण्याच्या वेळेत अगदी थोडा फरक पडतो, हेही त्याने गॅलिलिओच्या हजार वर्षे अगोदर लिहून ठेवले.

आपल्या भूमीवरही हाच बाण चर्चेत होता. वैशेषिक सूत्रांत म्हटले आहे की बाणाची पहिली हालचाल धक्क्याने होते आणि पुढची त्या हालचालीने बाणात निर्माण झालेल्या संस्काराने. प्रशस्तपादाने आपल्या भाष्यात या संस्काराला वेग म्हटले. ही सूक्ष्म दृष्टी होती यात शंका नाही. परंतु ते न्यूटनचे नियम नव्हेत. कणादाच्या नावाने फिरणाऱ्या निरोपाला मी जे उत्तर देते तेच इब्न सीनाच्या नावाने फिरणाऱ्या निरोपाला द्यावे लागते. माप दोघांना एकच.

नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांचे अरबी भाषांतर मोठ्या प्रमाणावर झाले. अरस्तूचा 'भौतिकी' हा ग्रंथ इसहाक इब्न हुनैन या ख्रिस्ती भाषांतरकाराने अरबीत आणला. ही गोष्ट आपल्या लोकांनी लक्षात ठेवली पाहिजे. ज्याला आपण इस्लामी विज्ञान म्हणतो त्याच्या पायात ख्रिस्ती आणि यहुदी हातांनी घातलेले दगडही आहेत.

या वातावरणात बुखाऱ्याजवळच्या अफशना गावी ९८० साली इब्न सीना जन्मला. वैद्य म्हणून तो जगाला ठाऊक आहे, पण 'किताब अश-शिफा' या त्याच्या ग्रंथाचा वैद्यकाशी संबंध नाही. तो तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान, गणित आणि तत्त्वज्ञान यांचा कोश आहे. त्यात गतीची चर्चा येते आणि तिच्या केंद्रस्थानी एक शब्द आहे: 'मैल'. अंतराच्या मैलाशी त्याचा संबंध नाही. मैल म्हणजे कल, ओढ. उर्दूत आपण 'मैलान' म्हणतो ना, तोच हा धातू. इब्न सीनाने मैलाचे तीन प्रकार मानले. दगडाची खाली जाण्याची ओढ हा स्वाभाविक मैल, सजीवाच्या इच्छेतून येणारा तो नफ्सानी मैल, आणि फेकणाऱ्याने लादलेला तो कसरी मैल. बाण पुढे जातो तो या कसरी मैलामुळे.

आता खरी गोष्ट येते. फिलोपोनसचा जोर आपोआप खर्च होत होता. इब्न सीना म्हणाला, नाही, मैल आपोआप संपत नाही, बाहेरचा अडथळा त्याला संपवतो. मग अडथळाच नसेल तर? पोकळीत बाण सोडला तर? तर तो थांबणारच नाही. हे वाक्य वाचल्यावर कोणाही विज्ञानशिक्षकाच्या अंगावर काटा येईल. पहिला नियम दाराशी येऊन उभा आहे!

पण पुढचे पान उलटले पाहिजे, आणि निरोप लिहिणारे तेच उलटत नाहीत. इब्न सीनाने हा निष्कर्ष कशासाठी काढला? पोकळी असूच शकत नाही हे सिद्ध करण्यासाठी. फेकलेली वस्तू कधीच थांबत नाही असे तर आपल्याला कुठे दिसत नाही. अर्थात पोकळी नाही, असा त्याचा युक्तिवाद. शिवाय त्याच्या मते बाणाला पुढे जायला आतून मैल लागतोच. न्यूटनच्या पहिल्या नियमात सरळ रेषेत एकसारख्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला कशाचीच गरज नसते, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. हा फरक केसाएवढा दिसतो, पण तो ओलांडायला आणखी सहा शतके लागली.

बगदादचा अबुल बरकात हा बाराव्या शतकातला. जन्माने यहुदी, उतारवयात इस्लाम स्वीकारलेला. 'किताब अल-मुअ्तबर' हा त्याचा ग्रंथ. 'मुअ्तबर' म्हणजे स्वतः विचार करून पारखलेले. त्याने इब्न सीनाचे म्हणणे नाकारले आणि मैल आपोआप खर्च होतो असे सांगितले. म्हणजे बाणाच्या बाबतीत तो आजच्या दृष्टीने मागे गेला. परंतु पडणाऱ्या दगडाच्या बाबतीत तोच माणूस फार पुढे गेला. दगड पडताना त्याचा वेग का वाढत जातो? कारण दगडाचे वजन त्याच्याबरोबरच असते आणि ते क्षणोक्षणी नवा मैल देत राहते. अगोदरच्यात नवा मिळत जातो आणि वेग वाढतो. अरस्तूच्या मते एकसारखे बल एकसारखा वेग देते. अबुल बरकातच्या मते एकसारखे बल वाढता वेग देते. दुसऱ्या नियमाचे बीज म्हणावे तर ते इथे आहे. पण किती बलाने किती वेग वाढतो, वस्तुमानाचा त्यात काय हिशेब, याचे आकडे त्यात नाहीत. इतिहास जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढत नाही. एकच माणूस एका प्रश्नात मागे आणि दुसऱ्यात पुढे असू शकतो.

अंदलूसच्या इब्न बाज्जाची कथा मला सर्वांत आवडते. सरकुस्ता, म्हणजे आजच्या स्पेनमधील सारागोसा, येथला हा विद्वान ११३८-३९ च्या सुमारास फेज येथे वारला. अडथळा वेगाला भागत नाही, तो वेगातून वजा होतो, असे त्याचे म्हणणे. म्हणजे अडथळा शून्य असला तरी वेग अमर्याद होत नाही, ठराविकच राहतो, आणि पोकळीतली गती अशक्य ठरत नाही. इब्न रुश्दला हे पटले नाही. अरस्तूवरील आपल्या भाष्यात त्याने इब्न बाज्जाचे मत नीट मांडले आणि मग खोडून काढले. ते भाष्य लॅटिनमध्ये गेले आणि युरोपच्या विद्यापीठांत वाचले जाऊ लागले. तिथल्या अनेकांना खोडून काढणाऱ्यापेक्षा खोडला गेलेला अधिक पटला! सोळाव्या शतकाच्या अखेरीस पिसा येथे तरुण गॅलिलिओने गतीवर जे पहिले टिपण लिहिले, त्यातही वजाबाकीचाच विचार दिसतो. विरोधकाने प्रामाणिकपणे नोंदवले नसते तर इब्न बाज्जाचे मत युरोपात पोहोचलेच नसते. आपल्या आजच्या वादविवादांत विरोधकाचे म्हणणे इतके नीट मांडणारे किती आहेत?

इब्न अल-हैसमचा उल्लेख थोडक्यात करते, कारण त्याचा मुख्य विषय प्रकाश. प्रकाशाचे परावर्तन समजावताना त्याने लोखंडी गोळा आरशावर आदळण्याचा दाखला घेतला आणि गोळ्याच्या गतीचे दोन भाग केले, एक आरशाला लंब आणि एक समांतर. गतीचे असे भाग पाडणे आज अकरावीत शिकवतात.

अल-बिरुनीचे मात्र थोडे अधिक सांगायला हवे, कारण तो आपल्याकडे येऊन गेला. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वी फिरते असे म्हटले होते आणि नावेतल्या माणसाला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात हा दाखला दिला होता. वराहमिहिराने आक्षेप घेतला की मग आकाशात उडालेले पक्षी परत घरट्यात कसे येतात? १०३० च्या सुमारास लिहिलेल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात बिरुनीने पृथ्वीच्या फिरण्याचा भारतीय वाद नोंदवला आहे आणि पृथ्वी फिरते मानले काय किंवा न मानले काय, ज्योतिषाच्या गणितात काही बिघडत नाही, असा शेरा मारला आहे. पक्ष्याच्या प्रश्नाचे उत्तर जडत्वात आहे. घरटे, पक्षी आणि हवा हे सगळेच पृथ्वीबरोबर अगोदरपासून चाललेले असतात. पण हे उत्तर तेव्हा कोणापाशीच पुरते नव्हते.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने फेकलेल्या वस्तूतल्या जोराला 'इम्पेटस' म्हटले. तो वस्तूतील द्रव्य आणि वेग यांच्या प्रमाणात असतो आणि अडथळ्याविना संपत नाही, असे तो म्हणतो. हे इब्न सीनाच्या फार जवळचे आहे. ब्युरिदाँपर्यंत इब्न सीनाचा विचार पोहोचला होता की तो स्वतंत्रपणे तिथे आला, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. निरोपांत असलेली खात्री विद्वानांत नाही.

मग न्यूटनने, आणि त्याच्याही अगोदर गॅलिलिओने, नवे काय केले? त्यांनी मोजले. गॅलिलिओच्या १६३८ सालच्या ग्रंथात वर्णन आहे. सुमारे १२ हात लांबीच्या लाकडात गुळगुळीत खोबण करून, ते एका बाजूने उचलून, तो त्यातून कांस्याचा गोळा सोडी. सेकंद दाखवणारे घड्याळ नव्हते. म्हणून मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी पडू देई आणि गोळा पोहोचेपर्यंत जमलेले पाणी काट्यावर तोली. शंभर शंभर वेळा असे केल्याचे तो सांगतो. त्यातून निघाले की अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; समान कालखंडांत कापलेली अंतरे १, ३, ५, ७ अशी जातात. 'दगड का पडतो' हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि 'कसा पडतो' एवढेच विचारले. पुढे देकार्तने १६४४ मध्ये, वस्तू आपणहून सरळ रेषेतच जात राहू पाहते, असे स्पष्ट मांडले.

न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' १६८७ साली आला. त्यात बाणाचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. तो प्रश्नच बदलला. बाणाला कोणी ढकलत नाही. ढकलण्याची गरज नाही. बल गती टिकवण्यासाठी लागत नाही, गती बदलण्यासाठी लागते. बाण मंद का होतो, खाली का वळतो, हे विचारा. हवा आणि गुरुत्व हे त्याचे उत्तर. आणि हेच नियम झाडावरून पडणाऱ्या फळाला आणि पृथ्वीभोवती फिरणाऱ्या चंद्राला सारखेच लागू करून त्याने गणिताने दाखवले. अरस्तूने आकाशाचे नियम वेगळे आणि जमिनीचे वेगळे मानले होते, ती भिंत पडली. चोरीच्या आरोपाबद्दल एवढेच सांगते की पहिल्या दोन नियमांचे श्रेय त्याच ग्रंथात न्यूटनने गॅलिलिओला दिले आहे, आणि टकरींच्या नियमांसाठी रेन, वॉलिस आणि हायगेन्स यांची नावे घेतली आहेत.

वर्गात एक गोष्ट वारंवार दिसते. चेंडू वर फेकला, हातातून सुटला; आता त्याच्यावर कोणते बल आहे? बहुतेक मुले सांगतात, वर नेणारे बल आहे, ते हळूहळू संपते आणि मग चेंडू खाली येतो. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून अनेक देशांत हेच नोंदवले आहे. मुलांचे उत्तर आजच्या विज्ञानाने चूक, पण ते मूर्ख उत्तर नव्हे. ते याह्या अन-नहवीचे आणि अबुल बरकातचे उत्तर आहे! हे सांगितले की मुलाचा चेहरा उजळतो. इब्न सीनाने जिथे आक्षेप घेतला तिथे त्यालाही आक्षेप घ्यायला सांगावे आणि तिथून न्यूटनकडे न्यावे. या बुजुर्गांचा असा उपयोग मला त्यांच्या नावाचे नारे देण्यापेक्षा मोठा वाटतो.

न्यूटन आपल्या भाषांत कसा आला, हाही या तवारीखचाच भाग आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या दरबारातील तफज्जुल हुसेन खान यांनी 'प्रिन्सिपिया' अरबीत आणण्याचे काम हाती घेतले. दिल्ली कॉलेजच्या मास्तर रामचंद्र यांनी १८४० च्या दशकात उर्दू नियतकालिकांतून नवे विज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेले. १९१७ साली हैदराबादेत दारुल तर्जुमा उघडले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, जिथे पदार्थविज्ञानदेखील उर्दूतून शिकवले जाई. दारुल तर्जुमाचे पहिले नाजिम मौलवी अब्दुल हक. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय तेव्हा औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते. पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावरचा वहीदुद्दीन सलीम यांचा ग्रंथ १९२१ मध्ये आला. अरबी धातूच घ्यावेत की बोलीतले हिंदी शब्दही घ्यावेत, यावर मोठे वाद झाले. सलीम दुसऱ्या बाजूकडे झुकणारे होते आणि मला त्यांचे पटते. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले, पण ते शब्द उर्दू शाळांच्या पुस्तकांत राहिले.

त्या शब्दांनी आमच्या मुलांची होणारी गंमत आणि पंचाईत दोन्ही सांगण्यासारखी आहे. बलाला उर्दूत 'कुव्वत' म्हणतात; मराठीतली 'कुवत' हीच. गतीला 'हरकत' म्हणतात, आणि बाजारात मराठी बोलणारा मुलगा 'हरकत नाही' याचा अर्थ 'आक्षेप नाही' असा लावतो. जडत्व म्हणजे 'जुमूद', त्वरण म्हणजे 'इसरा', संवेग म्हणजे 'मेयार-ए-हरकत'. सर्वांत त्रास देतो तो तिसरा नियम. प्रतिक्रियेला 'रद्द-ए-अमल' म्हणतात, आणि 'रद्द' म्हटले की मुलाला वाटते, क्रिया रद्द झाली! क्रिया आणि प्रतिक्रिया वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून त्या एकमेकींना रद्द करीत नाहीत. होडीतून काठावर उडी मारणारा पुढे जातो आणि होडी मागे सरकते, दोघेही हलतात. हा एक मुद्दा समजावायला कधी कधी अख्खा तास जातो.

दहावीनंतर विज्ञानाकडे जाणारी ही मुले एकदम इंग्रजीत जाऊन पडतात. ज्याने 'इसरा' नीट समजून घेतला आहे तो 'अ‍ॅक्सिलरेशन'ला घाबरत नाही; ज्याने फक्त पाठ केला आहे तो पहिल्याच महिन्यात विज्ञान सोडायच्या गोष्टी करतो. म्हणून नववीत हा धडा सुरू करताना मी फळ्यावर तीन रकाने आखते, उर्दू, मराठी आणि इंग्रजी, आणि वर्षभर ते फळ्याच्या कोपऱ्यात पुसू देत नाही. यंदा एका मुलीने चौथा रकाना आखायला लावला. त्यात तिने 'मैल' लिहिले आणि समोरच्या तिन्ही रकान्यांत नेमका शब्द सापडेना, तेव्हा तिथे प्रश्नचिन्ह काढले. ते बरोबरच होते. मैल म्हणजे बल नाही, संवेग नाही, जडत्वही नाही. तिन्हींचे थोडे थोडे त्यात आहे.